वेबसाइट तुमची, पण सनद कोणाच्या नावावर?

29 जून 2020 ला केंद्र सरकारने 59 चिनी ॲपवर बंदी आणली आणि टिकटॉकवर लाखांनी फॉलोअर जमवलेल्या पोरापोरींची कमाई एका रात्रीत संपली. पुढच्या वर्षी 4 ऑक्टोबरला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदमच बंद पडले, तेही सुमारे सहा तास. ज्यांच्या सगळ्या ऑर्डरी तिथेच येतात, त्यांना त्या रात्री नुसतं फोनकडे बघत बसावं लागलं.

अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो. दुसऱ्याच्या जागेत दुकान थाटू नका, स्वतःची वेबसाइट काढा. सल्ला चांगलाच आहे. पण ती वेबसाइट खरंच तुमची आहे का, हे फार थोडे लोक तपासून बघतात.

उल्हासनगरमध्ये जागेचा व्यवहार निघाला की पहिला प्रश्न येतो, सनद आहे का? 1949 मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं, फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं बराकींमध्ये राहिली आणि पुढे त्यातल्या अनेकांना जागेच्या सनदा मिळाल्या. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांचा घोर आजही संपलेला नाही. अंबरनाथ-बदलापुरात हाच प्रश्न सातबाऱ्यावर येऊन थांबतो. म्हणजे कागद बघायची सवय आपल्या अंगात मुरलेली आहे. वेबसाइटच्या बाबतीत मात्र आपण कागद बघतच नाही.

वेबसाइटमध्ये तीन वेगळ्या गोष्टी असतात. डोमेन म्हणजे पत्ता, डॉट कॉम किंवा डॉट इन लावून जे नाव आपण छापतो ते. होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा. आणि फोटो, मजकूर, ऑर्डरी म्हणजे गाळ्यातला माल. माल पुन्हा भरता येतो, गाळाही बदलता येतो. पण पत्ता गेला की पाटीवरचं, बिलावरचं, इन्स्टाच्या बायोमधलं सगळं नाव दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहतं. त्याच नावाचा ईमेल असेल तर तोही जातो.

आता होतं काय, की कॅम्प पाचमधला एखादा जीन्सवाला ओळखीच्या पोराला वेबसाइट करायला सांगतो. पोरगा म्हणतो, ‘सगळं मी बघतो, तुम्ही फक्त फोटो द्या.’ तो स्वतःच्या खात्यातून, स्वतःचा ईमेल आणि मोबाइल टाकून डोमेन घेतो. यात लबाडी असतेच असं नाही, बहुतेक वेळा नुसती सोय असते. पण नोंदीत मालक म्हणून नाव त्याचं लागतं. सनद त्याच्या नावावर झाली!

पुढे त्याला पुण्यात नोकरी लागते, नंबर बदलतो. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते वर्षाच्या बोलीवर असतं आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं. डॉट कॉमची मुदत संपण्याआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा दोन सूचना ईमेलवर येतात. त्या जातात त्या पोराच्या जुन्या ईमेलवर. मुदत उलटल्यावर बऱ्याच कंपन्या काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. मग तीस दिवस असे असतात की जबर दंड भरून नाव सोडवता येतं. त्यानंतर पाच दिवसांनी ते बाजारात मोकळं होतं आणि चालू नावं टिपायला लोक टपलेलेच असतात. हजार-बाराशे रुपयांचं नूतनीकरण चुकलं म्हणून चालतं नाव हातचं जातं.

परत मिळवायचं तर डॉट कॉमसाठी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार करता येते, पण तिथे एका पंचाच्या सुनावणीची फीच 1,500 डॉलर आहे. डॉट इनचं काम निक्सी ही भारतीय संस्था बघते, तिचीही लवादाची व्यवस्था आहे. दोन्हीकडे त्या नावावर तुमचा ट्रेडमार्कसारखा हक्क आहे आणि समोरच्याची नियत वाईट आहे, हे दाखवावं लागतं. तुमच्याच सांगण्यावरून घेतलेल्या नावाबद्दल हे सिद्ध करणं सोपं नाही.

त्यापेक्षा संबंध चांगले आहेत तोवर आजच एक मेसेज टाका: ‘डोमेन ज्या कंपनीकडे आहे तिथे मी माझ्या नावाने खातं उघडतोय, त्यात ते ट्रान्सफर करून दे.’ एकाच कंपनीत खातं बदलणं सहसा किरकोळ काम असतं. कंपनी बदलायची तर ट्रान्सफर कोड लागतो आणि नवीन घेतलेलं डॉट कॉम पहिले 60 दिवस हलवता येत नाही. खात्याला ईमेल मात्र त्याच डोमेनचा देऊ नका. डोमेन बंद पडलं तर तो ईमेलही बंद पडेल आणि पासवर्ड बदलायची लिंक येणार तरी कुठे? साधा जीमेल द्या, त्याला दुहेरी पडताळणी लावा, मोबाइल नंबर घरच्या माणसाचा ठेवा. ऑटो-रिन्यूवर विसंबू नका, कार्ड बदललं की ते गुपचूप थांबतं.

आता तुम्ही म्हणाल, माझी एवढीशी वेबसाइट, ती हॅक करून कोणाला काय मिळणार? 14 जून 2022 ला ठाणे शहर पोलिसांची वेबसाइट हॅक झाली होती आणि मुखपृष्ठावर हॅकरांचा संदेश झळकत होता. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर याच आयुक्तालयाच्या हद्दीत येतात. तिथे निशाणा ठरलेला होता. तुमच्याकडे मात्र कोणी माणूस येत नाही, येतो तो प्रोग्रॅम. तो दिवसरात्र हजारो वेबसाइटची दारं ढकलत फिरतो आणि जुनं प्लगइन सापडलं की आत शिरतो. जगातल्या पाचपैकी दोनहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात, त्यामुळे त्याला एकच किल्ली खूप ठिकाणी लागते.

आत शिरून तो पानं उडवत नाही. तुमच्या नावाखाली जुगाराची किंवा जपानी मजकुराची शेकडो पानं लपवून ठेवतो. तुम्ही पत्ता टाकून उघडलं तर सगळं ठीक दिसतं, गूगलवरून आलेलं गिऱ्हाईक मात्र भलतीकडेच जातं. म्हणून महिन्यातून एकदा आपलं नाव गूगलमध्ये शोधून, मोबाइल डेटावरून, अनोळखी गिऱ्हाइकासारखं आत जाऊन बघा. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, ते अशा गडबडीची सूचना देतं. वर्डप्रेस आणि प्लगइन अपडेट ठेवा, नको असलेले काढून टाका. आणि पैसे लागणारी थीम कोणी ‘फुकटात टाकून देतो’ म्हणाला तर नको म्हणा, त्यात चोरदरवाजा असायची शक्यता मोठी असते. ॲड्रेस बारमधलं कुलूप बघून निर्धास्त होऊ नका. मधल्या वाटेत माहिती कोणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आत चोर बसला असेल तरी कुलूप दिसतंच.

राहिला बॅकअप. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांचं दोन्ही गेलं. होस्टिंग कंपनी बॅकअप घेते यावर समाधान मानणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुरेसं आहे. पण दुसरी प्रत दुकानातल्या कॉम्प्युटरवर ठेवताना उल्हास नदी आठवा. 26 जुलै 2005 विसरलेला माणूस बदलापुरात सापडणार नाही, आणि 27 जुलै 2019 ला तर महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकून हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. एक प्रत ड्राइव्हवर आणि एक वरच्या मजल्यावरच्या हार्ड डिस्कमध्ये, असं करा. वर्षातून एकदा ती उघडून चालते का हेही बघा.

एवढं करूनही हॅक झालीच, तर आधी स्क्रीनशॉट घ्या, मग होस्टिंग कंपनीला फोन. लगेच सगळं पुसून टाकू नका, कारण लॉग गेले की चोर कुठून शिरला ते कळत नाही आणि तो त्याच दाराने परत येतो. पासवर्ड बदलताना दुसरा, स्वच्छ फोन किंवा कॉम्प्युटर वापरा. गिऱ्हाइकांचे पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा, बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येते. कंपन्या आणि संस्थांनी असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवावा, असा 28 एप्रिल 2022 चा आदेश आहे. आणि इन्स्टावर एक स्टोरी टाका: ‘आमची वेबसाइट सध्या वापरू नका, पैसे पाठवू नका.’