विश्लेषण : जुन्या रेडिओ स्कॅनरशेजारी नवा डिजिटल स्कॅनर... काय ऐकू येते आणि काय ऐकणे गुन्हा ठरते?

बिनतारी संदेशवहन ॲनालॉगकडून डिजिटलकडे सरकू लागल्यापासून हौशी रेडिओप्रेमींना एक प्रश्न पडतो. घरात दोन-तीन जुने स्कॅनर असताना डिजिटल स्कॅनर घ्यावा का आणि घेतल्यास जुन्यांचे काय करावे? मुंबईच्या उपनगरांत या प्रश्नाला विमानतळ, डोंगर, सोसायटीची गच्ची आणि कायदा असे अनेक पदर आहेत.

रेडिओ स्कॅनर म्हणजे काय?

ठरवून दिलेल्या कंप्रता एकामागून एक तपासणारा आणि जिथे संभाषण सुरू असेल तिथे थांबणारा रिसीव्हर म्हणजे रेडिओ स्कॅनर. वॉकीटॉकीसारखे त्यावरून बोलता येत नाही, फक्त ऐकता येते. जुने स्कॅनर आवाज थेट लहरींवर स्वार झालेला असेल तरच तो ऐकवतात. डिजिटल यंत्रणेत आवाजाचे आधी आकड्यांत रूपांतर होते. त्यामुळे जुन्या स्कॅनरवर डिजिटल संभाषणाऐवजी नुसती घरघर ऐकू येते.

मग डिजिटल स्कॅनर सगळेच ऐकवतो का?

नाही. डिजिटल ही एकच भाषा नाही. डीएमआर पद्धतीत १२.५ किलोहर्ट्झच्या एका वाहिनीचे काळाच्या हिशेबाने दोन भाग होतात, म्हणजे एकाच वाहिनीवर दोन संभाषणे चालतात. टेट्रा पद्धतीत २५ किलोहर्ट्झमध्ये चार भाग असतात. दिल्ली मेट्रो हीच पद्धत वापरते. अमेरिकेतील पोलीस आणि अग्निशमन दले प्रामुख्याने पी-२५ पद्धत वापरतात. बाजारातील अनेक महागडे स्कॅनर अमेरिकी ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. त्यामुळे खोक्यावर ‘डिजिटल’ लिहिले असले तरी त्याला कोणती पद्धत उलगडता येते, हे आधी पाहावे लागते. संभाषण कूटबद्ध असेल तर कितीही महाग स्कॅनर घेतला तरी ते उलगडत नाही.

जुने स्कॅनर निकामी ठरतात का?

उलट, त्यांचे काम ठरलेलेच राहते. जगभरातील विमान वाहतुकीचे आवाजी संभाषण आजही ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर ॲनालॉग पद्धतीनेच चालते. जहाजांची १६ क्रमांकाची आपत्कालीन वाहिनी १५६.८ मेगाहर्ट्झवर आहे, तीही ॲनालॉगच. हौशी रेडिओचा मोठा भागही तसाच आहे. एकाच स्कॅनरला शेकडो वाहिन्या तपासायला लावल्या तर एक फेरी पूर्ण होईपर्यंत छोटे संभाषण निसटून जाते. त्यामुळे डिजिटल वाहिन्या नव्याकडे आणि ॲनालॉग जुन्यांकडे, ही वाटणी सोयीची ठरते.

एकाच टेबलावर ठेवल्यास अडचण काय?

प्रत्येक स्कॅनरच्या आत एक छोटा दोलक असतो आणि त्याच्या लहरी थोड्या बाहेर झिरपतात. शेजारचा स्कॅनर त्यांनाच संदेश समजून रिकाम्या वाहिनीवर अडकून बसतो. याची परीक्षा सोपी आहे. एक स्कॅनर बंद करावा. दुसऱ्यावरचा ‘संदेश’ त्याच क्षणी गायब झाला, तर दोष घरातलाच. अंतर वाढवणे किंवा ती कंप्रता वगळणे हा उपाय. स्वस्त चार्जर, एलईडी दिवे आणि वायफाय राउटरही असाच गोंगाट करतात.

दुसरा प्रश्न अँटेनाचा. एका अँटेनाचा सिग्नल दोन यंत्रांत वाटला की प्रत्येकाला जेमतेम निम्मी शक्ती मिळते, चार यंत्रांत वाटला की पाव. ही तूट भरून काढण्यासाठी ॲम्प्लिफायर बसवला जातो. मात्र ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवरील एफएम केंद्रांचे सिग्नल शहरात इतके जोरदार असतात की ॲम्प्लिफायर त्यांनाच आणखी मोठे करतो आणि त्याखाली बाकी सारे दबून जाते. म्हणून आधी एफएम अडवणारा फिल्टर, मग ॲम्प्लिफायर, मग वाटप हा क्रम पाळावा लागतो. टेबलावर परवानाधारकाचा बोलण्याचा संचही असेल, तर तो या जोडणीत कधीही घेऊ नये. त्याच्या पाच वॉटनेही स्कॅनरचा पुढचा भाग जळू शकतो.

उपनगरांत जागेने काय फरक पडतो?

या कंप्रतांच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे साडेचारशे मीटरहून उंच डोंगर उभे आहेत. त्यामुळे एका बाजूचा कमी शक्तीचा संच दुसऱ्या बाजूला ऐकू येईलच असे नाही. पूर्वेकडून मुख्य धावपट्टीवर उतरणारी विमाने घाटकोपरवरून जातात. अंधेरी तर विमानतळाला लागूनच. अशा ठिकाणी दुबळ्या नव्हे, तर अतिजोरदार सिग्नलचा त्रास अधिक होतो. गच्चीवर अँटेना लावण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. पावसाळ्यात जोडणीतून केबलमध्ये पाणी शिरते, त्यामुळे जोड जलरोधक पट्टीने गुंडाळणे आणि अर्थिंग करणे आवश्यक आहे.

कायदा काय म्हणतो?

भारतात बिनतारी यंत्र नुसते बाळगण्यालाही १९३३च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याची अट घातली आणि त्यात संदेश ग्रहण करणारी यंत्रेही आली. घरगुती रेडिओलाही एकेकाळी परवाना लागत असे. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी आलेला दूरसंचार कायदा, २०२३ टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृतता किंवा सूट आवश्यक मानली आहे. २६ जून २०२४ पासून लागू झालेल्या कलम ४२ नुसार बेकायदा संदेश टिपल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. थोडक्यात, दुकानात किंवा ऑनलाइन मिळते म्हणून यंत्र कायदेशीर ठरत नाही. परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये १३ ई-कॉमर्स मंचांना नोटिसा बजावल्या होत्या.

अमेरिकेत पोलिसांचे किंवा विमानतळाचे संभाषण ऐकणारे अनेक जण आहेत. ती मुभा इथे गृहीत धरता येत नाही. ब्रिटनमध्येही स्वतःसाठी नसलेले संदेश ऐकणे हा गुन्हा आहे. ऐकलेले समाजमाध्यमांवर टाकणे तर अधिकच धोक्याचे. २६/११च्या हल्ल्यावेळी वाहिन्यांनी कारवाईचे थेट प्रक्षेपण केले, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या निकालात कठोर ताशेरे ओढले होते.

मग सरळ मार्ग कोणता?

आधी हौशी रेडिओचा परवाना, मग खरेदी. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्यांना परीक्षा देऊन तो मिळवता येतो आणि केंद्राच्या ‘सरल संचार’ पोर्टलवर अर्ज करता येतो. देशातील रेडिओ लहरींवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे एक केंद्र बोरिवलीत गोराई रस्त्यावरच आहे. परवानाधारकांसाठी १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे खुले आहेत. तिथे ॲनालॉगबरोबरच डीएमआर संभाषणेही चालतात, म्हणजे नव्या-जुन्या दोन्ही स्कॅनरना काम मिळते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील हौशी केंद्र १४५.८ मेगाहर्ट्झवर ऐकू येते. पवईच्या आयआयटी मुंबईतील विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘प्रथम’ उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी अवकाशात गेला, तेव्हा त्याचे संकेत टिपण्यासाठी इतर महाविद्यालयांतही केंद्रे उभारली गेली होती.

आपत्तीत उपयोग कोणाचा?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांत वीज व मोबाइल सेवा कोलमडली. डिजिटल सिग्नल एका मर्यादेपर्यंत स्वच्छ ऐकू येतो आणि त्याखाली एकदम तुटतो. ॲनालॉगमध्ये खरखरीतूनही शब्द कळतात. म्हणून डिजिटल स्कॅनर आला तरी बॅटरीवर चालणारा जुना संच भंगारात न देता चार्ज करून ठेवलेला बरा.