आधी नोंद, मग रीसेट

कन्नौदसारख्या तालुक्याच्या गावी राउटर बिघडल्यास जाणकार लगेच मिळेलच असे नाही. म्हणून घरीच जुन्या राउटरांची छोटी प्रयोगशाळा मांडली आहे. तिला निमित्त घडले ते माझ्याच चुकीचे. बॅकअप न घेता दवाखान्यातील राउटरचे रीसेट बटण १० सेकंद दाबून धरले आणि इंटरनेटचे खातेनाव, पासवर्ड सारेच पुसले गेले. संध्याकाळची ओपीडी संगणकाविना उरकावी लागली.

रीस्टार्ट आणि रीसेट एक नव्हेत. सिस्को राउटरची चालू मांडणी रॅममध्ये असते. एनव्हीरॅममध्ये जतन केली तरच ती वीज गेल्यावर टिकते. अनेक घरगुती राउटरांची मांडणी फाइलरूपाने संगणकावर उतरवता येते. ती त्याच मॉडेलच्या दुसऱ्या राउटरवर चढवून पाहावी. पूर्वेतिहास विचारल्यावाचून आपण शस्त्रक्रिया करीत नाही. मग येथेच घाई का?