दहा दिवसांचं सुतारकाम

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे सहावी ते आठवीत कधीतरी दहा दिवस मुलांनी दप्तराविना शाळेत यायचं आणि सुतार, कुंभार, माळी अशा गावातल्या कारागिरांकडे शिकायचं. दहा दिवसांत रंध्याचं पातंही नीट लावता येत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) भागाला हे अपुरेपण जास्त जाणवतं. भोरचा राजवाडा लोकांना चित्रपटांमुळे माहीत आहे. तिथले कोरीव लाकडी खांब उभे करणारे हात कुठे शिकले, हे कुणी विचारत नाही. ते बापाकडे शिकले. ही वाट बंद झाली, तेव्हा तिची जागा शाळेनं घ्यायला हवी होती.

शाळेत हातकाम शिकवायचं, हे १९३७ ची वर्धा परिषद, कोठारी आयोग, कार्यानुभवाचा विषय असं कागदावर सगळं होतं. बहुतेक शाळांत कार्यानुभवाचा तास कागदी फुलांवर निभावला.

खरं काम झालं ते याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट आणि हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन मागे ठेवून हा माणूस कोरडवाहू गावात राहायला आला. पुढच्या काही वर्षांत शाळेतली आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक पूर्ण दिवस कार्यशाळेत, शेतात घालवू लागली. मुलांच्या हातून झालेलं काम गावात वापरलं जाई आणि गाव त्याचे पैसे देई. भौमितिक घुमटाची घरंही याच विचारातून आली. दार लागलं नाही तर शेरा गिऱ्हाईक मारी, परीक्षक नव्हे. २००३ साली कलबाग गेले. आश्रम चालू आहे.

तरी ही पद्धत मोजक्याच शाळांपुरती राहिली, आणि त्याचा दोष पालक व संस्थाचालक दोघांचा आहे. हातकाम म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्यांची सोय, असं त्यांनी ठरवून टाकलं. आयटीआयचा एक वर्षाचा सुतारकामाचा अभ्यासक्रम आठवी पास मुलालाही खुला आहे, पण ओढा इलेक्ट्रिशियन आणि फिटरकडे. साग, फणस, जांभूळ यांचे तंतू कसे चालतात, कोणतं लाकूड पावसाळ्यात फुगतं, कुसू खाचेत किती घट्ट बसावा, हे सांगणारे म्हातारे हात गावोगाव कमी होत आहेत. पुण्यातल्या फ्लॅटचं काम प्लायवूड आणि लॅमिनेटवर चालतं. तिथे कापायचं, चिकटवायचं.

भोर आणि राजगड या दोन तालुक्यांतल्या माध्यमिक शाळांना आठवड्याचा एक दिवस, धारदार पटाश्यांची एक खोली आणि पगारावर नेमलेला एक सुतार हवा. शाळेचे बाक निविदेतून मागवण्याआधी ते दहावीच्या मुलांकडून करून घ्यावेत.