कर्नल रामनाथ चोप्रा आणि भारतीय औषधिक्रियाविज्ञानाची पायाभरणी

प्रस्तावना

औषध शरीरावर नेमके काय करते, किती मात्रेत करते आणि कोणत्या घटकामुळे करते, या तीन प्रश्नांची प्रयोगाने उत्तरे शोधणारे शास्त्र म्हणजे औषधिक्रियाविज्ञान. महाविद्यालयांत ते फार्माकॉलॉजी याच नावाने परिचित आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयाच्या स्वतंत्र प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. भारतात मात्र विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत तो ‘मटेरिया मेडिका’ या नावाखाली पाठांतराचाच विषय होता. औषधांची नावे, त्यांचे उगमस्थान आणि मात्रा यांपलीकडे विद्यार्थ्याला फारसे काही शिकावे लागत नसे. ही स्थिती बदलण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, त्या कर्नल सर रामनाथ चोप्रा यांच्या कार्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ‘भारतीय औषधिक्रियाविज्ञानाचे जनक’ असा त्यांचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत एका ओळीत येतो. त्या ओळीमागचे कार्य मात्र सहसा सांगितले जात नाही.

जडणघडण

चोप्रांचा जन्म १७ ऑगस्ट १८८२ रोजी गुजरांवाला येथे झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. लाहोर येथील शिक्षणानंतर ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी निसर्गविज्ञान व वैद्यक या दोन्ही शाखांच्या पदव्या घेतल्या आणि वॉल्टर डिक्सन यांच्या हाताखाली औषधिक्रियाविज्ञानाचे धडे घेतले. पुढील साऱ्या कार्याचे बीज डिक्सन यांच्या प्रयोगशाळेत सापडते. १९०८ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. ही सेवा मूलतः लष्करी असल्याने प्रारंभीची वर्षे, पहिल्या महायुद्धातील पूर्व आफ्रिकेची मोहीम धरून, प्रयोगशाळेपासून दूरच गेली. ‘कर्नल’ ही उपाधी त्यांच्या नावापुढे कायम राहिली, ती याच सेवेमुळे.

१९२१ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या नव्या संस्थेत ते औषधिक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्यांचे वय तेव्हा एकोणचाळीस होते. आजच्या मोजमापाने संशोधनास उशिराच प्रारंभ झाला असे म्हणावे लागेल.

कलकत्त्यातील प्रयोगशाळा

या प्रयोगशाळेचे वैशिष्ट्य तिच्या रचनेत होते. रसायनशास्त्रज्ञाने वनस्पतीतील क्रियाशील घटक वेगळा करावा, औषधिक्रियाविज्ञानाच्या अभ्यासकाने तो प्राण्यांवर तपासावा आणि मग संलग्न रुग्णालयात त्याची परीक्षा व्हावी, अशी साखळी चोप्रांनी बांधली. रसायनाची बाजू सुधामय घोष यांच्याकडे होती. बहुविद्याशाखीय संशोधन हा शब्दप्रयोग अलीकडे आपल्या प्रत्येक चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेवर असतो. एका इमारतीत तीन विद्याशाखा खरोखर एकत्र काम करीत असल्याचे उदाहरण पाहावयाचे असेल, तर ते येथे आहे.

अभ्यासासाठी निवडलेल्या वनस्पती मराठी वाचकाला परक्या नाहीत. पुनर्नवा, अडुळसा, कुडा ही नावे आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. पुनर्नवेचा मूत्रल गुण परंपरेने सांगितलेला होता. तपासणीत तिच्यात एक अल्कलॉइड आढळले आणि त्याबरोबरच पोटॅशियम क्षारांचे भरपूर प्रमाणही आढळले. म्हणजे ‘गुण आहे’ एवढ्यावर न थांबता तो कशामुळे आहे, हे सांगण्याची सोय झाली. कुड्याच्या सालीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. अमीबाजन्य आमांशावर त्या काळी एमेटीन हे मुख्य औषध होते. ते दक्षिण अमेरिकेतील इपिकॅकच्या मुळापासून मिळे, महाग पडे आणि हृदयाला अपाय करी. कुड्याची अल्कलॉइडे याला पर्याय ठरू शकतील काय, हा प्रश्न शास्त्राइतकाच अर्थकारणाचाही होता. हिमालयातील इफेड्राच्या जातींचाही अभ्यास झाला. त्यांतील अल्कलॉइडांचे प्रमाण जातीनुसार व हंगामानुसार बदलते, असे दिसून आले. तात्पर्य, एकाच नावाची मुळी दोन वेळा दोन वेगळे परिणाम दाखवू शकते. देशी औषधांविषयीच्या कित्येक वादांचे मूळ या साध्या बाबीत आहे.

१९३३ मध्ये ‘इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. देशात मिळणारी द्रव्ये देशातच वापरण्यायोग्य स्वरूपात आणून भारताला स्वावलंबी करणे, वैद्यकी व युनानी परंपरेतील दाव्यांतून आधुनिक वैद्यकाला उपयोगी औषधे शोधणे आणि ती गरिबांच्या आवाक्यात आणणे, ही आपल्या कार्याची उद्दिष्टे त्यांनी मांडली होती. यांतील दुसरे उद्दिष्ट काळजीपूर्वक पाहिले पाहिजे. परंपरेला त्यांनी माहितीचा स्रोत मानले, प्रमाण मानले नाही. तपासणीत अनेक प्रसिद्ध द्रव्ये निष्प्रभ ठरली आणि तसे त्यांनी नोंदवले. वैद्य मंडळींपैकी अनेकांना हा दृष्टिकोन मान्य नव्हता. द्रव्यातून एकच घटक वेगळा काढला की आयुर्वेदाला अभिप्रेत असलेले औषध उरतच नाही, हा त्यांचा आक्षेप होता. प्रस्तुत लेखकाच्या मते हा आक्षेप सर्वस्वी टाकाऊ नाही. परंतु संपूर्ण द्रव्याचा गुण सिद्ध करण्यासाठीही प्रयोग लागतोच, हे त्यातून सुटत नाही.

सर्पगंधा : अर्धा राहिलेला शोध

बिहारमध्ये ‘पागल की दवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सर्पगंधेकडे १९३१ मध्ये दोन बाजूंनी लक्ष गेले. दिल्लीत सिद्दीकी व सिद्दीकी यांनी तिची अल्कलॉइडे वेगळी केली. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. १९३३ मध्ये चोप्रा, गुप्ता व मुखर्जी यांनी तिच्यातील एका अल्कलॉइडाची क्रिया प्राण्यांवर तपासली. पुढील दशकात चोप्रांच्या परंपरेतील संशोधकांना असे आढळले की, मुळीचा शामक गुण स्फटिकरूप अल्कलॉइडांपेक्षा राळेसारख्या उरलेल्या भागात अधिक आहे. त्या राळेतील घटक शुद्ध स्वरूपात मिळवणे मात्र येथे साधले नाही. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तो वेगळा केला व त्याला रेसर्पिन हे नाव मिळाले.

मधल्या काळातील एक महत्त्वाचा दुवा मुंबईचा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेचा केलेला अभ्यास १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला आणि पाश्चात्त्य जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. शोध भारताचा आणि लाभ परक्यांचा, अशी या प्रकरणाची मांडणी नेहमी केली जाते. ती भावनेला पटते, पण अपुरी आहे. निरीक्षण, प्राण्यांवरील प्रयोग आणि रुग्णांवरील अभ्यास हे तिन्ही भारतात झाले. कमी पडले ते रासायनिक पृथक्करणाचे साधनबळ आणि ते पुरवणारा औषधउद्योग.

औषधांचा कायदा

चोप्रांचे सर्वांत दूरगामी कार्य प्रयोगशाळेबाहेरचे आहे. १९२० च्या दशकात भारतीय बाजार भेसळयुक्त व कमी प्रतीच्या औषधांनी भरलेला होता. हिवतापाने माणसे मरत असताना क्विनाइनच्या नावाखाली निकृष्ट माल विकला जाई आणि त्याला प्रतिबंध करणारा देशव्यापी कायदा नव्हता. १९३० मध्ये शासनाने चोप्रांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. १९३१ च्या अहवालात समितीने केंद्रीय कायदा, औषधे तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणि औषधनिर्मिती व्यवसायाचे रीतसर शिक्षण यांची शिफारस केली. कायदा होण्यास १९४० साल उजाडले. फार्मसी कायदा १९४८ मध्ये आला. दरम्यान, १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी फार्मसीचे शिक्षण सुरू केले होते. आज औषधाच्या वेष्टनावर दिसणारा परवाना क्रमांक, तुकडीचा क्रमांक आणि मुदतीचा दिनांक यांमागे १९४० चा तोच कायदा आणि त्याखालील नियम आहेत.

उत्तरकाळ

१९४१ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. त्याच वर्षी जम्मू-काश्मीर संस्थानात स्थापन झालेल्या औषध संशोधन प्रयोगशाळेची धुरा त्यांनी स्वीकारली. १९४६ मध्ये देशी वैद्यकपद्धतींविषयीच्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. १९४८ च्या अहवालात समितीने पाश्चात्त्य व भारतीय वैद्यकाच्या एकत्रीकरणाची, म्हणजे अखेरीस एकाच अभ्यासक्रमाची शिफारस केली. शासनाने ती त्या स्वरूपात स्वीकारली नाही. १९७० च्या कायद्याने भारतीय वैद्यकाची स्वतंत्र केंद्रीय परिषद निर्माण झाली आणि २०२० च्या कायद्याने तिची जागा राष्ट्रीय आयोगाने घेतली. दोन्ही वेळा प्रवाह वेगळेच राहिले. आयुर्वेद पदवीधरांनी आधुनिक औषधे द्यावीत की नाही, हा महाराष्ट्रात वारंवार उद्भवणारा वाद या न सुटलेल्या प्रश्नाचेच अपत्य होय.

१९५६ मध्ये नायर व चोप्रा यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा कोश प्रकाशित झाला. वनस्पतिशास्त्राच्या अनेक विभागांत तो आजही हाताशी ठेवला जातो. जम्मूची प्रयोगशाळा १९५७ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेली आणि २००७ पासून ती भारतीय समवेत औषध संस्थान या नावाने ओळखली जाते. १३ जून १९७३ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, चोप्रांचे निधन झाले.