निकाल कानांनी वाचायचा असेल तर

दहावीच्या निकालाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. तुम्ही नागपूरचे, म्हणजे तुमचा निकाल नागपूर विभागीय मंडळाचा. घरात संगणक चालू आहे, आई स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा विचारते आहे, "लागला का रे?" तुम्ही आसनक्रमांक टाकता, आईचे नाव टाकता आणि गुणांचा तक्ता समोर येतो.

आता समजा, तुमच्या वर्गातला एक मित्र अंध आहे. गणितात तो तुमच्यापेक्षा हुशार. आसनक्रमांक त्याला पाठ आहे, कळफलकावर बोटेही झरझर चालतात. पण संगणकासमोर त्याचा दादा बसला आहे. दादा म्हणतो, "थांब, मी पाहून सांगतो." आणि दोन क्षण गप्प बसतो. निकाल याचा, पण तो आधी कळला दादाला. दादाचा चेहरा कसा झाला हे याला दिसत नाही. ते दोन क्षण मात्र फार मोठे वाटतात.

हा निकाल त्या मित्राला स्वतःचा स्वतः वाचता येईल का? येईल. त्यासाठी संगणकात दोन गोष्टी हव्यात. एक, पडद्यावरची अक्षरे बोलून दाखवणारा कार्यक्रम. त्याला स्क्रीन रीडर, म्हणजे पडदावाचक, म्हणतात. दुसरी, इंटरनेटवरचे पान साध्या अक्षरांत आणून देणारा ब्राउझर. या दोघांची गाठ कशी घालायची ते आज पाहू. ते पाहताना वेबपान म्हणजे मुळात काय, हेही कळेल. ते डोळस माणसांनाही बहुधा ठाऊक नसते!

प्रथम बोलण्याचे पाहू. तुम्हाला वाटेल, कोणा निवेदकाचा आवाज संगणकात भरून ठेवलेला असेल. काही कार्यक्रमांत तसे असते. पण 'ई-स्पीक' नावाचा जो फुकट मिळणारा बोलका कार्यक्रम आहे, त्यात माणसाचे रेकॉर्ड केलेले शब्द नसतात. आपण 'आ' म्हणतो तेव्हा घशातून निघालेला आवाज तोंडाच्या पोकळीत घुमतो आणि काही ठरावीक कंपने जास्त जोराने उमटतात. 'ई' म्हणताना ही कंपने वेगळी असतात. ई-स्पीक प्रत्येक स्वराची ही कंपने गणिताने तयार करतो. म्हणून तो आकाराने अगदी लहान आहे आणि त्याला मराठीही येते. आवाज थोडा नाकात बोलल्यासारखा आहे, हे कबूल करतो. पण त्याचा वेग कितीही वाढवला तरी शब्द तुटत नाहीत. आपण गप्पा मारताना मिनिटाला साधारण दीडशे शब्द बोलतो. सराव झालेले अंध वाचक चारशेच्या वर शब्द सहज ऐकतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती नुसती किरकिर वाटते.

आता ब्राउझर. आपण रोज पाहतो ती वेबपाने चित्रे, रंग आणि हलत्या जाहिरातींनी भरलेली असतात. पण पडद्यामागे वेबपान म्हणजे अक्षरांची एक लांबच लांब माळ असते. मध्ये मध्ये खुणा असतात: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही दुसऱ्या पानाकडे नेणारी लिंक. चित्रे तर पानात नसतातच. 'येथे अमुक चित्र आणून लाव' एवढी सूचना तेवढी असते. १९९१ साली जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत निकोला पेलो या विद्यार्थिनीने एक ब्राउझर लिहिला. तो फक्त अक्षरे दाखवी. लिंकांना क्रमांक असत आणि हवा तो क्रमांक टाइप केला की पुढचे पान येई. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात 'लिंक्स' हा अक्षरी ब्राउझर तयार झाला. त्यानंतर जन्मलेले कितीतरी देखणे ब्राउझर काळाच्या पडद्याआड गेले. लिंक्स मात्र अजून चालू आहे आणि त्याची दुरुस्तीही चालू असते.

आपल्या मित्राचा संगणक आता तयार करू. शाळेतला जुना, कोपऱ्यात पडलेला संगणकही चालेल. त्यावर डेबियन लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालू. तिची एक सोय मला फार आवडते. प्रणाली बसवण्याची तबकडी चालू झाली की संगणक 'बीप' असा आवाज करतो. त्या क्षणी इंग्रजी 'एस' ही कळ दाबून एंटर दाबायचे. तिथपासून संगणक बोलू लागतो, आणि प्रणाली बसवण्याचे सगळे काम अंध माणूस एकटा करू शकतो. दादाची गरज सुरुवातीपासूनच नाही! प्रणाली बसली की लिंक्स मागवायचा. तो काही मिनिटांत येतो. मग एल, वाय, एन, एक्स ही चार अक्षरे, एक मोकळी जागा आणि पुढे पानाचा पत्ता टाइप करून एंटर दाबायचे. वरच्या आणि खालच्या बाणाने एका लिंकवरून दुसरीवर जायचे, उजव्या बाणाने लिंक उघडायची, डाव्याने मागे यायचे. 'क्यू' दाबले की बाहेर. माउस लागतच नाही.

तुम्ही म्हणाल, झाले की काम! नाही. येथेच पहिल्यांदा बसवणारे फसतात. आपला मित्र बाण दाबतो आणि पडदावाचक गप्प! नाहीतर भलतीच ओळ वाचतो. बिघाड कोठे झाला?

पडदावाचक पडदा 'पाहत' नाही. कर्सर, म्हणजे ती लुकलुकणारी खूण, जेथे असेल तेथले तो वाचतो. तुम्ही वाचताना ओळीखाली बोट फिरवता ना, तसा कर्सर हे त्याचे बोट. लिंक्स मात्र निवडलेली लिंक दाखवण्यासाठी तिचा रंग बदलतो, आणि कर्सर डोळ्यांना अडथळा नको म्हणून पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो. डोळस माणसाला हे नीटनेटके वाटते. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र पुस्तक समोर आणि बोट टेबलाच्या कोपऱ्यावर! रंग काही ऐकू येत नाही.

उपाय सोपा आहे. लिंक्समध्ये 'ओ' ही कळ दाबली की पसंतीचे पान उघडते. त्यात 'कर्सर दाखवा' या अर्थाची एक ओळ आहे, ती चालू करायची. आता कर्सर निवडलेल्या लिंकच्या पहिल्या अक्षरावर जाऊन बसतो आणि पडदावाचक ती लिंक वाचतो. तेथेच लिंकांना क्रमांक देण्याची सोय आहे, तीही चालू करा. मग 'बारा, वेळापत्रक' असे ऐकले की बारा टाइप करून एंटर दाबायचे, अगदी निकोला पेलोच्या ब्राउझरसारखे. यादीतून एक पर्याय निवडायचा असतो तेव्हा वर उघडणारी छोटी खिडकी बंद करा, म्हणजे सगळे पर्याय पानातच एकाखाली एक येतील. शेवटी हे बदल जतन करण्याच्या चौकटीत खूण करायला विसरू नका. नाहीतर उद्या पुन्हा पहिल्यापासून.

'डब्ल्यू-थ्री-एम' नावाचा दुसरा अक्षरी ब्राउझर आहे. तो तक्ते आणि रकाने जसेच्या तसे शेजारी शेजारी मांडतो. दिसायला तो लिंक्सपेक्षा सुबक. पण पडदावाचक ओळ डावीकडून उजवीकडे वाचत जातो. डाव्या रकान्यात हवामान आणि उजव्यात प्रवेशाची सूचना असेल तर ऐकू येईल, "नागपूरचे कमाल तापमान अर्ज भरण्याची मुदत पंचेचाळीस अंश वाढवण्यात आली आहे." मे महिन्यात हे खरेही वाटेल! लिंक्स असे मोठे रकाने मोडून एकाखाली एक लावतो. म्हणून ऐकण्यासाठी लिंक्सच बरा.

तक्त्यांच्या या अडचणीवर मूलभूत विचार केला तो आपल्याच महाराष्ट्रात शिकलेल्या एका संशोधकाने. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ चा. पुण्यात शिकत असताना चौदाव्या वर्षी काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित, मग मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये संगणकशास्त्र आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास. गणिताची गुंतागुंतीची सूत्रे संगणकाकडून बोलून कशी घ्यावीत, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. १९९५ मध्ये त्यांनी 'इमॅक्सस्पीक' हा कार्यक्रम सर्वांसाठी खुला केला. त्यातून वेबपानेही वाचता येतात.

रामन यांचे म्हणणे असे: पडदा वाचून दाखवणे हीच मुळात चूक आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे उदाहरण घ्या. साधा पडदावाचक तिची एक ओळ वाचेल, "सात, आठ, नऊ, दहा." दहा तारखेला वार कोणता? तो अंक कोणत्या उभ्या रांगेत आहे हे आपण डोळ्यांनी पाहतो. कानाला रांग नाही. म्हणून इमॅक्सस्पीक पडद्याकडे न जाता थेट दिनदर्शिकेच्या कार्यक्रमालाच विचारतो आणि वार, महिना, वर्ष यांसह पूर्ण तारीख सांगतो. गुणांच्या तक्त्याचेही तसेच. "शंभर, ब्याऐंशी" एवढे ऐकून काय समजणार? 'गणित, कमाल गुण शंभर, मिळालेले ब्याऐंशी' असे ऐकायला हवे. आणि ते तेव्हाच शक्य होते, जेव्हा पान बनवणाऱ्याने तक्त्याच्या मथळ्यांवर 'हा मथळा आहे' अशी खूण केलेली असते. नुसती अक्षरे जाड करून भागत नाही.

आता खास आपल्या भाषेची एक गोष्ट. मराठी विकिपीडियावरचा नागपूरचा लेख लिंक्समधून उघडा. पडदावाचक तो छान वाचेल. मात्र साध्या लिनक्सच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही, कारण तेथे एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात. म्हणून मराठीसाठी खिडक्यांच्या वातावरणातले टर्मिनल आणि 'ओर्का' हा पडदावाचक घ्यावा. एवढे करूनही एखाद्या जुन्या मराठी संकेतस्थळावर गेलात तर पडदावाचक म्हणू लागेल, "यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे." हे काय भूत? हे भूत नव्हे, हे नागपूर!

संगणक अक्षर ओळखत नाही, तो क्रमांक ओळखतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत 'न' चा क्रमांक २३४४ आहे, 'ग' चा २३२७. जगातला कोणताही संगणक २३४४ म्हटले की 'न' च समजतो. पण युनिकोड रुळण्यापूर्वी कृतिदेवसारखे फॉन्ट वापरत. त्यांत युक्ती अशी, की इंग्रजी 'यू' च्या ११७ या क्रमांकावर 'न' चे चित्र बसवायचे, 'के' च्या जागी काना, 'एक्स' च्या जागी 'ग'. डोळ्यांना 'नागपूर' दिसते, पण आत साठवलेली असतात ती सहा इंग्रजी अक्षरे. मुखवटा चढवलेला नट म्हणा ना! पडदावाचकाला मुखवटा दिसत नाही, तो खरे नाव घेतो. असा मजकूर अंध वाचकाला निरुपयोगी, शोधयंत्रालाही निरुपयोगी. आजही कोणी अशा फॉन्टमध्ये टाइप करून सूचना काढतो, तेव्हा आपण किती जणांसाठी दार लावून घेतो आहोत हे त्याच्या ध्यानात येत नाही. कागदाचा फोटो काढून चढवलेली सूचना तर याहून वाईट. तेथे सहा चुकीची अक्षरेही नसतात.

लिंक्सने सगळे जमते असे समजू नका. आजची पुष्कळ संकेतस्थळे जावास्क्रिप्ट या भाषेतल्या कार्यक्रमांवर चालतात. लिंक्स ते चालवत नाही. बँकेचे किंवा तिकिटाचे काम त्यात बहुधा अडते, निकालाचे पानही अडू शकते. तेव्हा फायरफॉक्ससारखा नेहमीचा ब्राउझर आणि 'एन-व्ही-डी-ए' हा विंडोजवरचा पडदावाचक वापरावा. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला, आणि तो फुकट मिळतो. गंमत अशी, की एन-व्ही-डी-ए सजवलेले पान घेऊन आतल्या आत त्याची साधी अक्षरी प्रत तयार करतो आणि तीच वाचतो. 'एच' दाबले की पुढचे शीर्षक, 'के' दाबले की पुढची लिंक. म्हणजे लिंक्स बाहेर जे करतो तेच हा पोटात करतो.

एक प्रयोग करून पाहा. तुमच्या शाळेचे संकेतस्थळ लिंक्समध्ये उघडा. सहलीच्या पानावर झिरो माइलचा स्तंभ आणि त्याजवळचे चार घोडे यांचा फोटो लावलेला असेल, तर तेथे काय येते ते ऐका. फोटो चढवताना कोणी वर्णन लिहिले नसेल तर फाइलचे नाव ऐकू येईल, 'आय एम जी चार शून्य दोन एक' असे काहीतरी. लिंक कशी आहे तेही पाहा. पानावर सहा ठिकाणी 'येथे क्लिक करा' लिहिले असेल, तर बाण दाबत जाणाऱ्याला सहा वेळा तेवढेच ऐकू येते. जे जे अडेल त्याची वहीत नोंद करा आणि शाळेचे पान सांभाळणाऱ्या सरांना किंवा बाईंना नेऊन दाखवा. 'दहावीचे वेळापत्रक' एवढे दोन शब्द त्या लिंकवर टाकायला त्यांना एक मिनिटही लागणार नाही.