पक्वान्नाचें छायाचित्र आणि घरचा दिवा

श्रावण संपत आला आणि गणेशचतुर्थी दहा-बारा दिवसांवर आली, म्हणजे पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांत उकडीच्या मोदकांची मागणी नोंदवून घेण्याची धांदल सुरू होते. पूर्वीं गिऱ्हाइकें शेजारपाजारचीं असत आणि त्या घरचा मोदक त्यांनीं चाखलेला असे. आतां तीं मोबाइलवरून येतात, आणि त्यांच्यापुढें मोदक येतो तो चित्ररूपानेंच. जी गृहिणी एकेका पारीला नाजूक कळ्या पाडून मोदक वळते, तिचें कसब गिऱ्हाइकाला उमगणार कीं नाहीं हें त्या एका छायाचित्रावर ठरतें. आणि तें छायाचित्र बहुधा दिवसभराचीं कामें आटोपल्यावर, रात्रीं आठ वाजतां, बाहेर पाऊस आणि डोक्यावर ट्यूब अशा स्थितींत काढलेलें असतें. त्यांत मोदक दिसतो तो चुन्याच्या गोळ्यासारखा.

याचा दोष कॅमेऱ्याला किंवा अपुऱ्या उजेडाला देण्याची रीत आहे. पण मोदकावर उजेड किती पडला यापेक्षां तो कोणत्या बाजूनें पडला याला महत्त्व फार. पांढऱ्या वस्तूवरची घडी डोळ्यांना कळते ती घडीच्या एका अंगाला उजेड आणि दुसऱ्या अंगाला सावली असते म्हणून. डोक्यावरची ट्यूब सर्व कळ्यांना सारखाच उजेड देते, आणि मोबाइलचा स्वतःचा लखलखाट तर समोरूनच येऊन उरलीसुरली सावलीहि पुसून टाकतो. चेहऱ्यासाठीं मिळणारे वर्तुळाकार दिवे हौसेनें घेतले जातात; पदार्थाच्या कामीं त्यांचा उपयोग बेताचाच, कारण त्यांचाहि उजेड कॅमेऱ्याच्याच दिशेनें येतो.

ताट हें घड्याळाच्या तबकडीच्या मध्यभागीं आहे आणि कॅमेरा सहाच्या अंकावर आहे अशी कल्पना करावी. दिवा ठेवण्याची उत्तम जागा दहा किंवा अकराच्या अंकावर, ताटापासून सुमारें दोन फुटांवर आणि ताटाहून थोडी उंच. मागून तिरपा आलेला उजेड प्रत्येक कळीच्या कडेवर रेघ ओढतो आणि तिच्या पुढें सावलीची पट्टी टाकतो. तुपाची धार चमकते तीहि याच उजेडानें. मोदकाची वाफ दिसावी अशी इच्छा असल्यास पाठीमागें गडद कापड हवें आणि उजेड मागूनच हवा. पांढऱ्या भिंतीपुढें वाफ दिसत नाहीं.

खरें पाहतां ही सारी खटपट म्हणजे खिडकीची नक्कल होय. हेन्री फॉक्स टॅल्बट यांनीं १८४४ ते १८४६ या काळांत भागाभागांनीं प्रसिद्ध केलेल्या ‘पेन्सिल ऑफ नेचर’ या पुस्तकांत फळांनीं भरलेल्या टोपल्यांचें छायाचित्र आहे. त्या वेळीं दिवसाच्या उजेडावांचून गत्यंतर नव्हतें. आज रात्रीं खिडकी निर्माण करतां येते, पण खिडकी मोठी असते आणि दिवा लहान, हा भेद विसरून चालत नाहीं. उघड्या दिव्याची सावली सुरीनें कापल्यासारखी काळी पडते. म्हणून दिवा आणि ताट यांच्यामध्यें पांढऱ्या मलमलीचा किंवा जुन्या धोतराचा दोनएक फुटांचा तुकडा ताणून लावावा; लाकडी चौकट नसेल तर खुर्चीची पाठहि चालते. मग ताटाच्या दृष्टीनें दिवा म्हणजे तें उजळलेलें कापडच होय. तें कापड ताटाला जितकें जवळ, तितकें तें ताटाच्या दृष्टीनें मोठें आणि सावली तितकी मऊ. सूर्य एवढा प्रचंड, पण दूर असल्यामुळें आकाशांत चिमुकला दिसतो आणि उन्हाची सावली रेखीव पडते. ढग आले कीं अवघें आकाशच दिवा होतें आणि सावली विरघळते.

अंतराचा आणखी एक परिणाम आहे. लहान दिवा दुप्पट दूर नेला तर उजेड निम्मा न होतां चौथाई होतो. ताटाची मागची कड अशा दिव्यापासून २ फुटांवर आणि पुढची ३ फुटांवर असली, तर पुढच्या मोदकांना मागच्यांच्या निम्म्याहूनहि कमी उजेड मिळतो. कापडानें हा फरक कांहींसा सौम्य होतो. उरलेला भरून काढण्यास चार-पांचच्या अंकावर पांढरा पुठ्ठा उभा करावा. केळीच्या पानाची हिरवी झांक मोदकाच्या बुडाशीं चढते, तीहि त्यानें कमी होते. मात्र पुठ्ठा फार जवळ आणला तर सावलीच नाहींशी होऊन पुन्हां चुन्याचा गोळा पदरीं येतो.

मग रंग. जुन्या तारेच्या पिवळ्या दिव्याचें वर्णतापमान सुमारें २७०० केल्व्हिन, दुपारच्या उन्हाचें ५५०० च्या आसपास, आणि नेहमीच्या पांढऱ्या ट्यूबचें ६५०० असतें. दोन जातींचे दिवे एकत्र पेटले म्हणजे मोदक एका अंगानें पिवळा व दुसऱ्या अंगानें निळसर दिसतो, आणि कॅमेरा एकाच अंगाची दुरुस्ती करूं शकतो. यास्तव कामाचा दिवा लावल्यावर घरांतले बाकीचे सर्व दिवे मालवावे. एलईडी दिवा घेतांना त्याचा रंगदर्शक अंक, ज्याला सीआरआय म्हणतात, ९० किंवा अधिक आहे ना हें वेष्टनावर पाहावें. हलक्या दिव्याखालीं केशर आणि लाल तिखट मलूल दिसतात. कॅमेरा शुभ्र वस्तूलाहि करडी समजून चित्र काळवंडून टाकतो, तेव्हां मोदकाच्या वेळीं उजळपणा थोडा हातानें वाढवावा लागतो.

कटाची आमटी हा प्रकार निराळा. तिचा पृष्ठभाग आरशासारखा असतो. आरशांत जसें ज्या कोनानें पाहावें त्याच कोनानें पलीकडचें दिसतें, तसें कॅमेऱ्याला आमटींत समोरचें उजळ कापड दिसूं लागतें आणि सगळा तवंग पांढरा पडतो. अशा वेळीं दिवा व कापड हळूहळू वर-खालीं करून, चकाकी फक्त वाटीच्या कडेशीं राहील अशी जागा शोधावी. स्टीलच्या ताटांत तर ट्यूब, पंखा आणि खुद्द चित्र काढणाराचें नाक, सर्वच उतरतें. तेथें पितळेचें जुनें ताट किंवा मातीचें भांडें बरें.

कांहीं स्वस्त दिवे विजेबरोबर सेकंदाला १०० वेळां लुकलुकतात आणि चित्रावर आडवे पट्टे उमटतात. प्रकाशनाचा वेळ १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवल्यास ते बहुधा जातात. हॅलोजनचा दिवा भयंकर तापतो, त्याच्याजवळ कापड लावूं नये.

हें सर्व करण्यास पाऊण तास सहज लागतो, आणि मोदक तोंवर थांबत नाहीं. वाफ गेली कीं पारी कोरडी पडून तडकते. म्हणून मांडामांड आधीं करावी, मोदकाच्या जागीं उकडीचा गोळा ठेवावा, आणि सर्व जमल्यावर मोदकपात्राचें झांकण काढावें. चतुर्थीच्या दिवशीं नैवेद्यापूर्वीं मोदकांपुढें कॅमेरा धरलेला घरांतल्या वडील माणसांना रुचत नाहीं, आणि मागणी तर आधींच नोंदवायची असते; यासाठीं श्रावणांत अकरा मोदकांचा एक घाणा केवळ चित्रापुरता करणें सोयीचें. लहान बशींत मांडून मोदक थोराड दाखवण्याची युक्तीहि पुष्कळांना ठाऊक आहे, पण डबा उघडल्यावर गिऱ्हाईक बशी पाहत नाहीं. काम झालें कीं दिवा, कापड आणि ताट यांच्या जागा फरशीवर व मेजावर खडूनें आंखून ठेवाव्या, म्हणजे दिवाळीच्या चकल्यांच्या वेळीं पुन्हां शोधाशोध पडत नाहीं.