पोरगं धडा घडाघडा म्हणतं, पण वाचतं का? घरीच करा एका मिनिटाची तपासणी

गडचिरोली/चंद्रपूर : दुसरी-तिसरीतलं पोरगं पुस्तक उघडून धडा घडाघडा म्हणून दाखवतं, घरचे खूश होतात. पण तेच पुस्तक मधूनच उघडून नवं पान दिलं की अडखळतं. म्हणजे धडा वाचता येत नाही, तो नुसता तोंडपाठ झाला आहे. हे वेळीच लक्षात आलं नाही तर चौथी-पाचवीत अडचण येते. गणित येत असलं तरी उदाहरण वाचता येत नाही, म्हणून पोरगं मागे पडतं. मग शाळेची गोडी जाते आणि पुढे शाळाच सुटते.

तपासणी कशी करायची?

मुलाने न वाचलेलं, त्याच्याच इयत्तेचं एक पान घ्या. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि मोठ्याने वाचायला सांगा. बरोबर वाचलेले शब्द मोजा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानात याचं माप ठरलेलं आहे. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या शेवटी किमान ६० शब्द, तेही समजून. म्हणून वाचून झाल्यावर "यात काय झालं, सांग बरं" असं नक्की विचारा.

पोरगं का अडखळतं?

'जं-ग-ला-त' असं एकेक अक्षर जुळवत वाचलं की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरून जाते. सगळा जोर अक्षरं ओळखण्यातच जातो, अर्थाकडे लक्ष राहत नाही.

आपल्या भागात दुसरंही कारण आहे, ते म्हणजे भाषा. एटापल्ली, भामरागडकडे घरात माडिया-गोंडी बोलतात, जिवतीकडे गोंडी-कोलामी, सिरोंच्यात तेलुगू आणि मुलचेऱ्यात बऱ्याच घरांत बंगाली. गोंडीत पाण्याला 'येर' म्हणतात. लेकराने 'पाणी' हा शब्द बरोबर वाचला, तरी डोळ्यांपुढे पाणी येईलच असं नाही. गोंडी ही तेलुगूसारखी द्राविडी कुळातली भाषा आहे. मराठीचं कूळ वेगळं. त्यामुळे असं लेकरू मंद नसतं, ते एकाच वेळी दोन कामं करत असतं : नवी भाषा शिकणं आणि वाचायला शिकणं. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मुलांनी आपल्या भाषेत शिकावं, हाच त्यामागचा विचार.

घरी काय करता येईल?

● रोज १५ मिनिटं मोठ्याने वाचन. आठवड्यातून एकदा दोन तास बसवण्यापेक्षा हे बरं.

● पुस्तक सोपं निवडा. एका पानावर पाचपेक्षा जास्त शब्द अडत असतील तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा.

● अडल्यावर लगेच रागावू नका, लगेच सांगूही नका. थोडं थांबा. नाहीच जमलं तर शब्द सांगा आणि पुढे वाचू द्या.

● तेच पान दोन-तीन दिवस पुन्हा वाचून घ्या. वेग वाढतो, भीती जाते.

● आई-बाबांना वाचता येत नसेल तरी चालेल. शेजारी बसून ऐका आणि "मग काय झालं?" असं आपल्या बोलीत विचारा. उत्तरही बोलीतच येऊ द्या.

● आजी-आजोबांची गोष्ट मोठ्या बहिणीने किंवा भावाने वहीत लिहून घ्यावी, धाकट्याने ती वाचावी. गोष्ट माहितीची असल्याने वाचन सोपं जातं.

मोहफुलं आणि तेंदूच्या दिवसांत

मार्च-एप्रिलात मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता. घरातले सगळे पहाटेच रानात असतात, पोरंही सोबत जातात. त्यात उन्हाळी सुट्टी. या काळात पुस्तक हातात आलंच नाही तर जमत आलेलं वाचन पुन्हा मागे जातं. दुपारी घरी आल्यावर किंवा रात्री जेवणाआधी १५ मिनिटं ठरवून ठेवा.

मोबाईलचाही उपयोग

प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर' या संकेतस्थळावर मराठीसह गोंडीतही गोष्टी फुकट मिळतात. गावात रेंज नसेल तर तालुक्याला गेल्यावर डाऊनलोड करून ठेवा.

शाळेत काय विचारायचं?

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. गोष्टीची पुस्तकं कपाटात बंद आहेत की पोरांच्या हातात, मुलांना ती घरी नेता येतात का, हे बैठकीत विचारा. महिनाभर रोज वाचूनही फरक दिसत नसेल तर गुरुजी किंवा बाईंना भेटा. पुस्तक अगदी डोळ्यांजवळ धरून वाचत असेल तर सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्या. पुष्कळदा अडचण डोक्यात नसते, चष्म्याची असते.